पिठाची पलटण

आमच्या डेपोत एक नियम आहे. जो माल आधी आला, तो आधी बाहेर काढायचा. पीठ असो, डाळ असो, डब्यातलं लोणचं असो. जुनं पुढे, नवं मागे. हा नियम फक्त किश्श्यांना लागत नाही. ते येतच राहतात, बाहेर कोणी काढत नाही, आणि एकतीस वर्षांत माझ्याकडे इतके साठलेत की नवे ठेवायला जागा उरली नाही. त्यामुळे दुर्गापुऱ्याच्या आमच्या भिशीत कोणी नुसतं "वंदना, एखादा सांग ना!" म्हटलं, की मी एक नाही, आख्खी थप्पीच उतरवते.

तर मी वंदना. मूळची भुसावळची. वडील रेल्वेत, त्यांची जयपूरला बदली झाली तेव्हा मी सहा वर्षांची. त्यामुळे माझ्या मराठीत मध्येच 'मतलब' येतं, 'भैया' येतं, सांभाळून घ्या. फौजेला शिधा पुरवणाऱ्या एका सप्लाय डेपोत मी स्टोअरकीपर आहे. सिव्हिलियन. वर्दी नाही, बंदूक नाही. पण सीमेवरच्या एखाद्या चौकीत आज दुपारी जी डाळ शिजली, ती माझ्या वजनकाट्यावरून गेलेली असू शकते, आणि याचा मला भारी अभिमान आहे.

बंदूकवाले जवान आम्हाला 'पिठाची पलटण' म्हणून चिडवतात. चिडवू देत बापडे. सकाळ-संध्याकाळ वाट याच पलटणीची बघतात!

*

माझ्या निम्म्या किश्श्यांत सुभेदार जगताप आहेत. सातारा जिल्ह्यातले. नोकरीची शेवटची चार वर्षं ते आमच्या डेपोत होते. उंच, ताठ, आणि चालताना बूट असे वाजवायचे की गोदामाच्या त्या टोकाला कळायचं कोण येतंय.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "मॅडम, इथं धोका कशाकशाचा आहे ते आधी सांगा."

मी म्हटलं, "तिघांचा. उंदीर, ओल आणि इन्स्पेक्शन."

त्यांनी वहीत तिन्ही लिहून घेतले. मग म्हणाले, "यातलं सगळ्यात वाईट कोणतं?"

मागे आमचा रामनिवास पोती रचून घेत होता. रामनिवास बंजारा, हमालांचा मुकादम, टोंककडचा. तो मान वर न करता म्हणाला, "साब, चूहा तो फिर भी खाके चला जाता है!"

त्या दिवसापासून आमची तिघांची गट्टी जमली.

*

आता जगतापांच्या मनातली एक गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल.

त्यांच्या गावात घरटी एक माणूस फौजेत. आणि तिथे फौज म्हणजे लढणारी फौज. जगतापांचे वडील, त्यांना सगळे आबा म्हणतात, एकाहत्तरच्या लढाईत पायदळात होते. मांडीत गोळी घेऊन परत आलेले. जगतापांनाही पायदळातच जायचं होतं, पण भरतीत नाव लागलं सप्लायला. तेव्हापासून गावात कोणी विचारलं, "आबा, पोरगा काय करतो?" की आबांचं उत्तर ठरलेलं. "फौजेत आहे." आणि समोरच्याने पुढचं विचारायच्या आत विषय उसावर, पावसावर नाहीतर म्हशीवर. तीस वर्षांत 'सप्लाय' हा शब्द आबांच्या तोंडून बाहेर पडला नाही.

जगताप हे हसत सांगायचे. पण एकदा चहा पिताना अगदी हळू म्हणाले, "मॅडम, मला मेडल नको. मी काय करतो ते आबांनी एकदा, फक्त एकदा, गावातल्या माणसांना स्वतःच्या तोंडानं सांगावं. बास."

त्यासाठी काय काय केलं त्यांनी! एकदा मागून मागून खूप उंचावरच्या, बारा महिने बर्फ असलेल्या बेसवर बदली घेतली. वाटलं, आता तरी आबा खूश होतील. तिथून फोटो पाठवला. मागे पांढरे डोंगर, अंगात जाड कोट, डोळ्यांवर काळा चष्मा, एकदम सिनेमातल्यासारखा!

आबांनी फोटो बराच वेळ पाहिला म्हणे. मग फोन केला.

"हातात काय धरलंयस?"

"कोबी, आबा."

बिचाऱ्यांचं काही चुकलं नव्हतं हो. दोन महिन्यांनी हेलिकॉप्टरने पहिली ताजी भाजी आली होती, बेसवरचा प्रत्येक माणूस त्या कोबीबरोबर फोटो काढून घेत होता!

*

आमच्याकडे कुठलाही माल घेण्याआधी नमुना शिजवून चाखतात. तीन जणांची समिती असते. घास घ्यायचा, सावकाश चावायचा, कोमट पाण्याने चूळ भरायची, मग कागदावर मत लिहून सही करायची. मताचे शब्दही ठरलेले. 'स्वीकार्य' किंवा 'अस्वीकार्य'. छान आहे, बरं आहे, आईच्या हातचं आठवलं, असलं काही चालत नाही.

आमचे मेजर साहेब केरळचे, तरुण, नुकतं लग्न झालेलं. त्यांच्या मिसेसनी पहिल्यांदाच पायसम केलं आणि आम्हाला घरी बोलावलं. मी, जगताप आणि रामनिवास सोफ्यावर ओळीने बसलो. आता हेच तिघं समितीवर! वाट्या हातात आल्या आणि काय झालं कोणास ठाऊक, तिघांनी एकदमच डोळे मिटले. एक घास. जगताप डोळे न उघडता म्हणाले, "मॅडम, थोडा कोमट पाणी मिलेगा?"

त्या बिचारीचा चेहरा पडला. तिला वाटलं, पायसम बिघडलं. पाणी आलं. जगताप उठून बेसिनवर चूळ भरून आले, बसले, आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "स्वीकार्य!"

मेजर साहेबांनी कपाळाला हात लावला. "जगताप साहब, घर में तो बोलिए, अच्छा है!"

"साहब," जगताप अगदी मनापासून म्हणाले, "अच्छा का कॉलम नहीं है!"

*

बकऱ्यांचा किस्सा तर आमच्या डेपोत नव्या माणसाला पहिल्या आठवड्यातच ऐकवतात.

जिथे गाडी जात नाही अशा चौक्यांना मांस जिवंत पाठवतात. मतलब बोकड आपल्या पायांनी डोंगर चढतात. जगताप म्हणायचे, ही अक्कल हजारो वर्षांची आहे. जुन्या काळातल्या फौजांच्या मागेही गुरांचे कळप चालायचे, कारण जो शिधा स्वतः चालतो तो पाठीवर वाहावा लागत नाही.

तर आम्ही एकशे वीस बोकड पाठवले. मोजले, शिक्के मारले, गाडीत चढवले. चौथ्या दिवशी पलीकडच्या डेपोतून फोन. "आपके एक सौ इक्कीस आए हैं."

आता बघा, कमी भरलं तर त्याला उत्तर आहे. वाटेत मेलं, पळालं, चोरीला गेलं. प्रत्येकाचा वेगळा फॉर्म आहे. पण जास्त भरलं तर? त्याला फॉर्मच नाही! फौजेच्या इतिहासात आजवर वाटेत माल कमी झालाय, वाढलाय कधी?

चौकशी झाली. तर एकशे वीस बोकडांत एक बाई होती आणि ती पोटुशी होती, हे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. बाई गाडीतच बाळंत झाली! पलीकडचे म्हणाले, आमची मागणी बोकडांची आहे, बाळ-बाळंतीण परत घेऊन जा. दोघं ड्रायव्हरशेजारी बसून जयपूरला परत आली.

वरच्या ऑफिसातून पत्र आलं. 'बोकड पाठवले असता पिल्लू कसे उत्पन्न झाले, कारण लिहावे.' जगतापांनी दोन दिवस विचार केला आणि कारणाच्या रकान्यात एकच शब्द लिहिला. 'निसर्ग.'

आठ दिवसांनी उत्तर आलं. 'पुन्हा असे होणार नाही याची दक्षता घ्यावी!'

*

जगतापांच्या मुलीचं लग्न इथे जयपुरात झालं. हॉल सोडाला नावाच्या भागाच्या पुढे, मुहूर्त दुपारचा. लग्नाची सगळी व्यवस्था जगतापांनी स्वतःकडे घेतली आणि आमच्या लक्षात आलं, हे लग्न नाही, ही मोहीम आहे!

पाहुण्यांची यादी नाही, 'स्ट्रेंथ'. माणशी किती भात, किती वरण, किती जिलबी, सगळं लिहून तयार. वर राखीव साठा. हॉलच्या मागे मुख्य स्वयंपाकघर, आणि खबरदारी म्हणून अर्ध्या वाटेवर रामनिवासच्या मेव्हण्याच्या अंगणात दुसरं छोटं स्वयंपाकघर. त्यांच्या बायको, जगताप वहिनी, मला म्हणाल्या, "अहो, लेकीचं लग्न आहे की पाकिस्तानवर चढाई?"

पण झालं असं, नवऱ्याकडची मंडळी स्टेशनजवळ उतरली होती आणि त्यांची बस सोडाल्याच्या चौकात अडकली. पुढे पाणीपुरवठ्याचं खोदकाम, मागे बस, मध्ये एक ट्रॅक्टर. दीड तास जागचं हललं नाही काही. साताऱ्याकडची माणसं, सकाळपासून चहावर!

जगताप काय, याच क्षणासाठी जन्माला आल्यासारखे उजळले. त्यांनी सहा स्कूटर काढल्या. अर्ध्या वाटेवरच्या अंगणातून बटाटेवडे, चटणी, पाण्याचे कॅन, गोड शिरा. दोन स्कूटर पुढे वाट काढायला, चार मागे माल घेऊन. गल्ल्यागल्ल्यांतून ताफा थेट बसच्या दारात! मंडळींनी खाल्लं, ड्रायव्हरने खाल्लं, ट्रॅक्टरवाल्याने खाल्लं, आणि खोदकामाच्या मजुरांनीही खाल्लं. त्यांनी खुशीत पटापट फळ्या टाकून बसला वाट करून दिली.

व्याही हॉलवर उतरले आणि जगतापांचा हात धरून म्हणाले, "असं लग्न पाहिलं नाही बुवा! वरात पोचायच्या आधी पंगत उठली!"

सगळे हसत होते. मी आबांकडे बघत होते. ते पहिल्या रांगेत, फेटा बांधून, काठी घेऊन बसले होते. व्याह्यांचे कोणी मामा त्यांच्याशेजारी बसले आणि कौतुकाने म्हणाले, "काय व्यवस्था! तुमचे चिरंजीव फौजेत कोणत्या खात्यात आहेत?"

आबा म्हणाले, "फौजेत आहे." मग वाढप्याला हाक मारली. "अरे, मामांना जिलबी वाढ!"

जगताप दोन हातांच्या अंतरावर उभे होते. त्यांनी ऐकलं. मग स्वतःच जिलबीचं ताट घेऊन आले.

*

इथल्या मराठी लोकांचा गणपती असतो. दरवर्षी एक भाषण. त्या वर्षी म्हणाले, फौजी माणूस आहे, जगतापांना बोलवू. विषय त्यांनी स्वतःच दिला, 'लढाई आणि रसद'. महिनाभर तयारी केली. इतिहासाची पुस्तकं आणली, वही भरली. मला म्हणाले, "मॅडम, रेकॉर्डिंग नीट करा. आबांना पाठवायचंय."

लोक तलवारी, तोफा, घोडदौड ऐकायला आलेले. जगताप उभे राहिले आणि पहिलंच वाक्य, "पानिपतावर आपण तलवारीनं नाही हरलो. पिठानं हरलो!"

पुढच्या रांगेतले एक वयस्क गृहस्थ तिथेच ताठ झाले. पण जगताप सुटले होते. त्यांनी फळा मागवला. एवढे लढणारे, एवढे घोडे, एवढे बैल, बाजारबुणगे, त्यात बायकामुलं, आणि वर तीर्थयात्रेला निघालेले हजारो यात्रेकरू! घोड्याला दाणा किती, बैलाला वैरण किती, सगळं खडूने मांडलं. शत्रूने वाटा तोडल्या, धान्य संपलं, माणसं उपाशी पोटी लढायला उभी राहिली. मग एकदम मूठ आपटून म्हणाले, "मला एवढंच विचारायचंय, या यात्रेकरूंचं इंडेंट कोणी पाठवलं होतं? लेखी मागणी कुठंय?"

दोनशे साठ वर्षांत हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता!

रामनिवास मोदकांसाठी आला होता. तो मागून उभा राहिला. त्या काळी फौजांना धान्य पुरवायचे ते बंजारेच, हजारो बैलांचे तांडे घेऊन. फौजा त्यांना हात लावत नसत. ही त्याच्या घराण्याची अभिमानाची गोष्ट. तो म्हणाला, "साब, इंडेंट आता तो म्हारा पुरखा पहुँचा देता."

जगताप गहिवरले. "शाबास, रामनिवास! किसको पहुँचाते?"

"दोनों को!"

त्यावर जे हसू फुटलं ते थांबेना. त्यातच आमच्या कॉलनीतले एक जयपुरी काका, खास पाहुणे म्हणून बोलावलेले, शेजाऱ्याला म्हणाले, "हमारे राजा से तो मराठे हर साल वसूली ले जाते थे। फिर भी भूखे रह गए?"

रेकॉर्डिंग आबांना पाठवलं. पूर्ण पन्नास मिनिटांचं. दोन दिवसांनी आबांचा निरोप आला, "आवाज नीट येत न्हाई."

मी परत ऐकून पाहिलं. आवाज स्वच्छ होता.

*

ड्रोनचा किस्सा छोटाच आहे.

मोठे साहेब आले होते, नवं तंत्रज्ञान बघायला. ड्रोनने शिधा पोचवायचा. दोन किलोमीटरवर एक खोटी चौकी उभी केलेली. मेजर साहेबांनी बटण दाबलं, ड्रोन डाळीचं पाकीट घेऊन भुर्रकन उडालं आणि चौथ्या मिनिटाला वायरलेसवर आवाज आला, "माल मिल गया!" टाळ्या! मोठे साहेब खूश. मेजर साहेब खूश.

जगताप मात्र पॅड घेऊन तसेच उभे.

"क्या हुआ, जगताप साहब?"

"साहब, सही की रसीद?"

ड्रोनला सही कशी आणता येणार? पण जगतापांचं म्हणणं, घेणाऱ्याची सही आल्याशिवाय माल पोचला असं मी लिहिणार नाही. कागद म्हणजे कागद! शेवटी एक जवान सायकलवरून पावतीपुस्तक घेऊन गेला, ऊन, चढ, परत आला, पाऊण तास लागला. तोवर मोठे साहेब खुर्चीत बसून ताक पीत होते. सही बघून जगतापांनी सॅल्यूट ठोकला, "माल पोचला, साहब!"

मोठे साहेब मेजरना म्हणाले, "ड्रोन बढ़िया है। बस, हर ड्रोन के साथ एक साइकिल ख़रीद लो!"

*

आता शेवटचा.

गेल्या वर्षी जगताप रिटायर झाले. निरोपाला आबा आले. पंच्याहत्तरी उलटलेली, काठी, फेटा, छातीवर जुनी पदकं. लग्नाला आले तेव्हा त्यांनी डेपो पाहिला नव्हता, 'पाय दुखतोय' म्हणाले होते. या वेळी मेजर साहेबांनी रीतसर परवानगी काढली आणि स्वतः त्यांना गोदामात घेऊन आले.

जगताप सकाळपासून अस्वस्थ. इन्स्पेक्शनला इतके घाबरले नसतील. थप्प्या दोनदा सरळ करून घेतल्या, दोरी लावून!

आबा आत आले. पीठ, तांदूळ, डाळ, गूळ, छतापर्यंत. सावकाश चालत राहिले. जगताप मागून माहिती देत होते, हे इतक्या माणसांचं, ते तितक्या दिवसांचं. आबा गुळाच्या थप्पीशी थांबले आणि तिथल्या स्टुलावर बसले.

रामनिवासने पाणी आणून दिलं आणि सहज विचारलं, "बाबूजी, थारी लड़ाई में राशन टेम पे आतो हो?"

आबा पाणी प्यायले. मग मराठीतच बोलायला लागले. रामनिवासला कळतंय की नाही, त्याची फिकीर न करता.

"हितंच हुतो आमी. ह्याच राजस्थानात, पार रेताडात. चौकीवर अकरा जण. रसदीचा एक ड्रायवर दर दिवसाआड शिधा आणायचा. अकरा जणांचं पीठ, अकरा जणांची डाळ, अकरा जणांचा गूळ. बारका हुता, काळासावळा. नाव न्हाई इचारलं म्या."

रिकामा पेला त्यांनी रामनिवासच्या हातात दिला.

"मग एका सकाळी आमी सात राह्यलो. ड्रायवर आला. माप घालाय लागला, तर अकराचं! म्या म्हनलं, बाबा, चार जण गेलं. त्यो म्हनला, मानसं कमी झाल्याचं मला पत्र न्हाई आलं. म्या म्हनलं, आरं, डोळ्यानं बघ की! त्यो म्हनला, पत्र येईस्तवर माज्या हिशोबी तुमी अकरा हायसा. आन् अकराचं टाकून गेला. परत आला तवा बी अकराचं. त्याच्या पुढं बी अकराचं."

मेजर साहेबांना मराठी येत नाही. मी हळूच कानात सांगत होते.

जगतापांनी विचारलं, "मग, आबा? त्या चौघांचं काय केलंत?"

"खाल्लं की! भूक लागायची. नाव घेऊन घास घ्यायचो. ह्यो शंकऱ्याचा, ह्यो बापूचा." आबांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "लढाई थांबल्यावर त्याला त्ये पत्र आलं. त्या दिशी त्यानं सातचं माप घातलं. तवा रडलो आमी. तोवर न्हाई."

जगतापांनी हातातलं पॅड खाली ठेवलं.

"आबा, हे कधी सांगितलं नाहीत. तीस वर्षांत."

"तू इचारलंस कवा?" आबा जरा रागानेच म्हणाले. "बारका हुतास तवापास्नं एकच. गोळी कुठं लागली, किती मारलं. ज्येवणाचं कुनी इचारलंय का आजवर? ह्या गड्यानं इचारलं, म्हनून सांगितलं!"

रामनिवास डोळे पुसत होता. त्याला सगळं कळलं होतं.

दुपारी मेसच्या लॉनवर बडा खाना. बडा खाना म्हणजे सगळ्या डेपोचं एकत्र जेवण. त्यात जवान बसतात आणि साहेब लोक वाढतात. निरोपमूर्ती म्हणून जगतापांना खुर्चीत बसवलं होतं, पण ते कसले बसतात! उठले, बाही वर केली आणि आमटीची बादली घेऊन रांगेत वाढायला लागले.

आबा पहिल्या टेबलाशी. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. गावाकडून, व्हिडिओ कॉल. आबांना कमी ऐकू येतं म्हणून स्पीकर कायम मोठा. पडद्यावर पारावर बसलेले त्यांचे चार-पाच जुने दोस्त, सगळे पायदळातले. त्यांतले ज्ञानूतात्या अगदी कॅमेऱ्यात तोंड घालून ओरडले. सगळ्या लॉनला ऐकू गेलं.

"आबा! पोरगा रिटायर झाला म्हनं आज! आरं, तीस वरसं इचारतोय, आता तरी सांग. फौजंत करत काय हुता त्यो?"

वाढणारे थांबले. जेवणारे थांबले. जगताप बादली घेऊन जिथे होते तिथेच उभे राहिले, पळी अर्ध्यावर. मी मनातल्या मनात उसाची, पावसाची, म्हशीची वाट बघत होते.

आबा काठीवर जोर देऊन उठले. फोन उलटा केला, हात उंच केला, आणि ती लांबलचक पंगत, ती भरलेली ताटं, आमटीची बादली घेतलेला तो ताठ उंच माणूस, सगळं पारावरच्या दोस्तांना नीट दिसेल असा धरला.

"ह्यो बघ!" आबा ओरडले. "जेवू घालत हुता! आख्ख्या फौजंला!"